गाडी नवी, करंट जुना

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याहून मंगरूळपीरला आलो होतो. सोयाबीन विकून झालं होतं आणि मावसभावाने त्या पैशांतून जुन्या बोलेरोच्या मागे बारा इंची दोन सबवूफर आणि एक हजार वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर बसवला होता. रात्री जेवणं झाल्यावर तो मला कारंजा रोडला घेऊन गेला. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना अंधार पसरला आणि त्याने आवाज वाढवला. बेसचा ठोका पडला की समोरचा रस्ता अंधारायचा, ठोका गेला की पुन्हा दिसायचा. गाडीचे हेडलाइट गाण्याच्या तालावर उघडझाप करत होते.

"लाईट पाह्य, गाणं वाजलं का झोपते," तो म्हणाला. "तू इंजिनेर हायेस न बे, सांग मंग, काय करू?"

मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या हातून वायर शेवटची जोडली गेली ती कॉलेजच्या लॅबमध्ये, आणि तीही उलटी. दुसऱ्या दिवशी आम्ही गावातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. पन्नाशीतला माणूस, बनियनवर बसलेला, मांडीवर उघडलेली सेल्फ मोटर. त्याने बॉनेटही उघडलं नाही. नुसतं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, गाडी नवी हाय, पन करंट जुनाच हाय. डायनमो किती देईन तुमाले?"

डायनमो. त्या बोलेरोत डायनमो नव्हताच, अल्टरनेटर होता. पण आपल्याकडच्या गॅरेजांत अल्टरनेटरला अजूनही सर्रास डायनमोच म्हणतात. वस्तू जाऊन जमाना झाला तरी शब्द खुर्ची सोडत नाही. या एका शब्दाच्या मागे लागून मी सुट्टीचे उरलेले दिवस वाचनात घालवले, आणि हा लेख त्यातूनच निघाला.

खरा डायनमो कसा होता, ते आधी सांगतो. अ‍ॅम्बेसिडर आणि फियाट या आपल्या आजोबांच्या पिढीच्या गाड्या. त्यांच्या इंजिनाच्या कुशीत एक लांबट नळकांडं बसवलेलं असायचं. त्याच्या आत तारेची गुंडाळी चुंबकीय क्षेत्रात फिरायची, वीज तयार व्हायची, आणि ती बाहेर काढायला कार्बनचे ब्रश एका तांब्याच्या चकतीवर घासत राहायचे. सगळा करंट त्या ब्रशमधूनच जायचा. त्यामुळे करंट वाढवायला गेलं की ठिणग्या उडायच्या आणि ब्रश झिजायचे. शिवाय गाडी जागेवर उभी असेल, इंजिन नुसतं गुरगुरत असेल, तर डायनमो बॅटरीला जवळजवळ काहीच देत नसे. उलट बॅटरीचाच करंट त्याच्यात परत शिरू नये म्हणून मध्ये एक रिले लावावा लागे. तो कटआउट. हाही शब्द गॅरेजमध्ये टिकून आहे.

त्या काळच्या १२ व्होल्टच्या डायनमोची ताकद साधारण २०-२२ अँपिअर. गुणाकार करा: सगळी मिळून २६० वॅटच्या आसपास. त्यातले शंभरेक हेडलाइट खाणार, थोडे इग्निशन आणि टेललाइट. उरलेल्यात हॉर्न, वायपर आणि नशीब असेल तर रेडिओ. म्हणजे हल्लीच्या एका मिक्सरला लागते तेवढीही वीज आख्ख्या गाडीकडे नव्हती.

अल्टरनेटरची कल्पना नवी नव्हती. चुंबक फिरवायचं आणि गुंडाळी स्थिर ठेवायची, म्हणजे मोठा करंट ब्रशमधून न्यायची गरजच उरत नाही. अडचण एकच होती. अशी वीज एसी निघते, आणि बॅटरीला डीसी लागते. एसीची डीसी करायला गाडीत मावेल, तापेल तरी टिकेल आणि खिशाला परवडेल असं काही हवं होतं. ते सिलिकॉनच्या डायोडने दिलं. १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटमध्ये अमेरिकेत अल्टरनेटर कंपनीतूनच बसून यायला लागला. इकडे १९६१ मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस सुरू झाली, पण आपल्या रस्त्यांवर डायनमोचं राज्य त्यानंतरही बराच काळ चाललं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मग हळूहळू अल्टरनेटर ही साधी गोष्ट झाली. मोबाइलच्या चार्जरपासून कॉम्प्युटरपर्यंत सिलिकॉनने काय काय केलं हे आम्हा आयटीवाल्यांना पाठ असतं. पण गाडी उभी असतानाही बॅटरी चार्ज होते, हे त्याचंच काम, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं.

गाडीतल्या गाण्याची भूक मात्र अल्टरनेटरच्या कितीतरी आधीची आहे. १९३० मध्ये शिकागोच्या पॉल गॅल्व्हिनने गाडीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याचं नाव ठेवलं मोटोरोला. पुढे ज्या नावाचे मोबाइल आपण वापरले तेच हे. गॅल्व्हिनची एक गोष्ट सांगतात. कर्ज मिळावं म्हणून त्याने एका बँकवाल्याच्या महागड्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला, आणि अर्ध्या तासात गाडीने पेट घेतला. कर्ज मिळालं नाही. खरी असो की रंगवलेली, मला ही गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी होती. त्याबद्दल पुढे.

त्या रेडिओचा मूळ प्रश्न मावसभावाच्याच प्रश्नासारखा होता. व्हॅक्युम ट्यूबना दीडदोनशे व्होल्ट लागायचे, आणि तेव्हाच्या गाडीची बॅटरी ६ व्होल्टची. सुरुवातीला गाडीच्या तळाशी वेगळ्या कोरड्या बॅटऱ्यांची पेटी ठेवत. मग व्हायब्रेटर आला. एक लोखंडी पट्टी सेकंदाला शंभरेक वेळा थरथरून करंट तोडायची-जोडायची, आणि तो तुटक करंट ट्रान्सफॉर्मरमधून जाऊन व्होल्टेज वाढायचं. आजच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आत हेच काम ट्रान्झिस्टर करतात, सेकंदाला हजारो वेळा. बॅटरीने जेवढे व्होल्ट दिले तेवढ्यात भागत नाही, ही तक्रार नव्वद वर्षांची आहे.

आपल्याकडे गाडी हीच चैन होती, त्यात रेडिओ म्हणजे चैनीवर चैन. शिवाय १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओला सरकारी परवाना लागायचा. त्यामुळे महाराष्ट्रात गाडी आणि आवाज यांची खरी ओळख मालकाच्या सीटवर झाली नाही, ती झाली टपावर. भोंग्याने.

स्वातंत्र्यलढ्यातले जुने फोटो पाहा. गांधीजींच्या, नेहरूंच्या पुढ्यातल्या माइकवर पुष्कळदा 'शिकागो रेडिओ' अशी पट्टी दिसते. ही कंपनी अमेरिकेतली नव्हे, मोटवानींची, मुंबईची. नानिक मोटवाने काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवत, आणि त्यांच्या उद्योगाचं पुढचं घर आपल्या नाशिकरोडला झालं. वीज पोहोचली नव्हती अशा मैदानांवर लाखभर माणसांना भाषण ऐकवायचं म्हणजे वीजसुद्धा सोबत न्यावी लागे, आणि सोबत नेता येईल अशी वीज म्हणजे बॅटरी.

नंतर गावोगाव अहुजा पोहोचली, १९४० पासूनची दिल्लीची कंपनी. मंगरूळच्या कुठल्याही मंडपवाल्याकडे जा, तिचा एखादा अ‍ॅम्प्लिफायर सापडेल. तो उलटा करून मागची बाजू बघा. घरच्या विजेची वायर आहेच, पण बाजूला लाल-काळे दोन स्क्रू आहेत आणि लिहिलंय १२ व्होल्ट. हे दोन स्क्रू म्हणजे ग्रामीण महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचा निम्मा इतिहास आहे. निवडणुकीची जीप, टुरिंग टॉकीजची जाहिरात, पोलिओचा डोस, हरवलेलं पोर, बिरबलनाथ महाराजांची यात्रा, दादा हयात कलंदरांचा उरूस: सगळी दवंडी या दोन स्क्रूंवरून गेली. भोंगा फार कमी विजेत फार लांब ऐकू जातो, कारण त्याचा आकारच आवाजाला दिशा देतो. चाळीसपन्नास वॅटमध्ये जीप अर्धं गाव जागं करायची, आणि ते तिच्या चार्जिंगला झेपायचं. त्यात बेस नव्हता. पण दवंडीला बेस कशाला हवा?

बॅटरी ही वस्तूच आमच्या भागात गाडीपुरती कधी नव्हती. १९८७ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा बाबा शाळेत होते, तालुक्यातल्या एका खेड्यात. वीज होती, पण तिचा भरवसा नव्हता. पोर्टेबल ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला मागे १२ व्होल्टची खाच असायची. ट्रॅक्टरची बॅटरी काढून ओट्यावर आणायची, टीव्ही जोडायचा, आख्खी गल्ली समोर बसायची. बॅटरी उतरायला लागली की चित्र चारही बाजूंनी आकसायचं. मग ती सायकलच्या कॅरियरला बांधून मंगरूळला चार्जिंगला टाकायची. दुकानात दहाबारा बॅटऱ्या एका ओळीत जोडून फसफसत असायच्या, आणि तो आंबूस वास बाबा अजून सांगतात. माझ्या शाळेच्या दिवसांत भारनियमन आलं तेव्हा घरात इन्व्हर्टर आला, आणि तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालणं हे माझं घरातलं पहिलं तांत्रिक काम. बॅटरीतली वीज मोजून वापरायची असते हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, ते अंगात होतंच. मग ते विसरलो कधी?

मला वाटतं, कॅसेटने सुरुवात केली. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या आणि जीप, काळीपिवळी, ट्रक, सगळ्यांत टेप आला. त्या टेपवर आणि आजच्याही बहुतेक स्टिरिओंवर वॅटचे आकडे छापलेले असतात: ५० गुणिले ४. शुद्ध थाप. १४ व्होल्टच्या आत राहून ४ ओहमच्या स्पीकरला प्रामाणिकपणे देता येतात सुमारे २४ वॅट. हे गणित बारावीच्या फिजिक्सचं आहे. त्याच्या पुढे जायचं तर व्होल्टेज वाढवणारा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, आणि तो आला की खेळ बदलतो.

कारण आपले कान कंजूष आहेत. वीज दुप्पट केली तर आवाज जेमतेम ३ डेसिबल वाढतो, इतका की शेजारच्याला कळणारही नाही. कानाला दुप्पट वाटायला हवा तर वीज साधारण दहापट लागते. २० वॅटच्या दुप्पट ऐकायला २००, त्याच्या दुप्पट ऐकायला २०००. पोरं दुसऱ्याच्या गाडीपेक्षा थोडा जास्त आवाज मागतात, आणि अल्टरनेटरला त्याचं बिल दहाच्या पटीत येतं.

ही चढाओढ गाड्यांच्याही आधी वरातीत सुरू झाली. वरातीत उजेड आणि आवाज दोन्ही लागतात. आधी गॅसबत्त्या होत्या, माणसांच्या डोक्यावर. मग ट्यूबलाइटचे झुंबर आले, तेही माणसांच्या, बहुतेक बायांच्या डोक्यावर. सगळ्यांना एका वायरीत ओवलेलं आणि मागे ढकलगाडीवर जनरेटर. मी लहानपणी त्या वायरीवरून उडी मारून नाचणाऱ्यांत घुसायचो. ती वायर धरून चालणारी बाई रात्रभरात किती कमावते, हे मी कधी विचारलं नाही. बँडवाल्यांच्या गाडीवर माइक आला, नागपूरकडे धुमाल आणि संदलमध्ये कीबोर्ड आला, आणि मग वाजवणारी माणसंच कमी होत गेली. पिकअप किंवा आयशरवर स्पीकरची भिंत, ड्रायव्हरच्या मागे डिझेल जनरेटर. गाडीच्या चार्जिंगचा प्रश्नच मिटवला, आख्खं वीजघर सोबत घेतलं.

आमच्याकडे याला डीजे म्हणतात. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे डॉल्बी. या शब्दावर मला हसू येतं. रे डॉल्बीने १९६५ मध्ये कंपनी काढली ती रेकॉर्डिंगच्या टेपमधली खरखर कमी करायला. ज्याने आयुष्य गोंगाट घालवण्यात काढलं त्याचंच नाव आपण भिंती हादरवणाऱ्या वस्तूला दिलं.

कायदा या सगळ्याच्या मागून धावत आला. २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. १८ जुलै २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या बंदीवर शिक्कामोर्तब केलं. सप्टेंबर २०१८ मध्ये विसर्जनाच्या तोंडावर ध्वनियंत्रणा व्यावसायिकांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली, तेव्हा न्यायालयाने डीजे-डॉल्बीवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली नाही. मला न्यायालयाचं पटतं. कर्ज काढून सेट उभा केलेल्या पोराचा हप्ता बंदीच्या महिन्यातही थांबत नाही, हेही मला दिसतं. दोन्ही गोष्टी माझ्या गावात एकाच गल्लीत राहतात, आणि दर वर्षी जयंती, गणपती, नवरात्र आलं की समोरासमोर येतात.

तर बोलेरो. आम्ही हिशोब मांडला. हजार वॅटचा क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर, ८० टक्के कार्यक्षमता धरली तर बॅटरीकडून १२५० वॅट ओढणार, म्हणजे ९० अँपिअर. गाणं सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही, त्यामुळे सरासरी तीसेक अँपिअर धरू. पण ठोका पडतो त्या क्षणी नव्वदच. अल्टरनेटरच्या पट्टीवरचा आकडा त्याच्या बराच खाली होता, आणि तोही वेगात असतानाचा. म्हणून लाइट झोपत होते.

दुकानदाराने भावाला आधीच एक फॅरडचा कपॅसिटर विकला होता, निळा दिवा लागणारा. १४.४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना त्यातून साधारण ३२ ज्यूल निघतात. म्हणजे आमच्या अ‍ॅम्प्लिफायरला एका सेकंदाच्या चाळिसाव्या भागापुरते. निळा दिवा मात्र रात्रभर पुरायचा.

बरोबर क्रम असा असतो: आधी वायरी, मग गरज पडली तर मोठा अल्टरनेटर, आणि बॅटरी शेवटी. बॅटरी वीज साठवते, तयार करत नाही. जो खर्च अल्टरनेटर भरून काढत नाही तो मोठ्या बॅटरीतूनही संपणारच, फक्त उशिरा. वायरींचं काम मी अंगावर घेतलं. अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते बॉडी, इंजिन ते बॉडी, या तीन जागी जाड वायर. शिवाय बॅटरीपासून मागे डिकीपर्यंत पाच मीटर. १६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या पाच मीटरमध्ये ९० अँपिअरला जवळजवळ अर्धा व्होल्ट जातो, ३५ मध्ये पाव व्होल्टही जात नाही. मी ३५ ची घेतली आणि ती खरंच तांब्याची आहे का हे खरवडून पाहिलं. बाजारात वरून तांबं आणि आतून अ‍ॅल्युमिनियम अशी वायर स्वस्तात मिळते, तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो. लाइटची उघडझाप निम्म्याहून कमी झाली. मी खूश. भावाने गल्लीत सगळ्यांना सांगितलं, "आपल्या इंजिनेर भावानं केलं."

फ्यूज मी अ‍ॅम्प्लिफायरजवळ लावला होता. कोडमध्ये आम्ही चूक जिथे फुटेल तिथे पकडतो. मला वाटलं, अ‍ॅम्प्लिफायर बिघडला तर फ्यूज उडेल, झालं काम. पण फ्यूज असतो तो वायर वाचवायला, आणि तो बॅटरीपासून वीतभर-हातभर अंतरावरच हवा. इंजिनाकडून केबिनमध्ये वायर जाते त्या पत्र्याच्या भोकाला रबरी बुशही मी लावला नव्हता. दुकान बंद झालं होतं, उद्या लावू म्हटलं.

तो उद्या आला नाही. दीड महिन्याने मी पुण्यात होतो आणि भाऊ मावशीला घेऊन शेलूबाजारहून परत येत होता. दुपारची वेळ, गाणं बंद. पत्र्याच्या कडेने वायरीची कातडी घासून घासून कापली गेली होती. तांबं बॉडीला लागलं आणि बॅटरीने काही सेकंद शेकडो अँपिअर त्या वायरीत ओतले. मधे अडवायला काहीच नव्हतं. मावशीच्या पायाखालची मॅट वितळायला लागली. "बंद कर रे ते," ती ओरडली, तिला वाटलं टेपच जळतोय. भावाने गाडी उभी केली, तिला ओढून बाहेर काढलं, आणि डॅशबोर्डमधला दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीचं टर्मिनल सोडवलं. त्याच्या उजव्या तळहातावर अजून खूण आहे.

मावशीच्या चपला आणि साडीची किनार गेली, एवढंच. फोनवर ती मला म्हणाली, "बाबू, तू घाई केली व्हती का?" मी हो म्हणालो.

होळीला गावी गेलो तेव्हा त्याच इलेक्ट्रिशियनकडे गेलो. या वेळी त्याने बॉनेट उघडलं. जळकी वायर बोटाने चाचपली, माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही. मग ड्रॉवरमधून रबरी बुश काढला, पाच रुपयांचा, आणि ब्लेडने कापून भोकात बसवून दाखवला. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनललगत आणला. अ‍ॅम्प्लिफायर वाचला होता. भावाने दोनातला एक सबवूफर विकून टाकला आणि त्या पैशांत मावशीला चपला घेतल्या, उरलेल्यात डिझेल भरलं.

त्या रात्री आम्ही पुन्हा कारंजा रोडला गेलो. हेडलाइट स्थिर होते. भावाने गाणं लावलं, हळू आवाजात, आणि काच खाली केली. गहू कापणीला आला होता, वारा आत येत होता. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मोठा डायनमो कितीले पडते बे?"

"अल्टरनेटर," मी म्हणालो.

"हाव, तेच."